वेळ बदलेना, झुंबर हलेना

माळेवाडीत झुंबर नावाचा एक भोळा माणूस राहायचा. तो आळशी नव्हता. खोटं बोलत नव्हता. सांगितलेलं कधी विसरत नव्हता. जे सांगितलं ते तो अगदी सांगितलं तसंच करायचा. सगळी भानगड तिथंच होती.

झुंबरच्या बहिणीचं नाव कौसल्या. तिचा नवरा सुदाम. झुंबर त्यांना दाजी म्हणायचा. दाजींचं गावात फ्लेक्स छापायचं दुकान होतं. वाढदिवस, बारसं, दहावं, दुकानाचं उद्घाटन, सगळ्यांचे फ्लेक्स तिथं व्हायचे. झुंबर तिथंच कामाला होता. एका बोटानं टाइप करायचा, पण मन लावून करायचा.

त्या वर्षी दाजींच्या धाकट्या बहिणीचं, शेवंताचं, लग्न ठरलं. नवरा मुलगा चांदेवाडीचा नवनाथ. पोरगा गुणाचा होता, आणि शेवंताला तो मनापासून आवडला होता. अडचण एकच. नवनाथचा मामा भानुदास फार तापट होता. एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला गेला, तिथं पोह्यात मीठ कमी पडलं, आणि हा गडी ठरत आलेली सोयरीक मोडून उठला होता.

दाजी म्हणाले, "झुंबर, या लग्नात कसलाही घोटाळा व्हायला नको."

"होणार नाही, दाजी."

शेवंता म्हणाली, "झुंबरदादा, तुझ्या पाया पडते. सांगतील तेवढंच कर."

"तेवढंच करीन," झुंबर म्हणाला. आणि त्यानं तेवढंच केलं.

लग्नाच्या कमानीचा फ्लेक्स आधी तयार करायला घेतला. भानुदासमामा स्वतः तो बघायला आला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मोठ्या सोनेरी अक्षरात लिहिलं होतं, 'चि. नवनाग'.

मामा लाल झाला. "नवनाग? आमचा पोरगा काय वारुळातून आलाय?"

दाजींनी हात जोडले. "बोट घसरलं, मामा. आत्ता दुरुस्त होतंय. तुम्ही बसा." त्यांना मांडववाल्याकडं जायचं होतं. जाता जाता ते झुंबरला म्हणाले, "ग च्या जागी थ कर. जुन्या चित्रावरच नवं चित्र एक्सपोर्ट कर. मग फाइलीखालची वेळ बघ. वेळ बदलली म्हणजे दुरुस्ती झाली. वेळ बदलल्याशिवाय छापायचं नाही. ध्यानात राहील?"

"राहील, दाजी."

झुंबरनं ग काढला. थ घातला. एक्सपोर्टचं बटण दाबलं. 'जुन्यावर नवं टाकू का?' असं कॉम्प्युटरनं विचारलं. झुंबर म्हणाला, "टाक." मग त्यानं फाइलीखालची वेळ बघितली. सकाळचे नऊ चाळीस. वेळ जुनीच होती.

त्या सॉफ्टवेअरची ती खोडच होती. जुन्या चित्रावर नवं टाकलं की आतलं चित्र बदलायचं, पण खालची वेळ मात्र होती तिथंच राहायची. हे झुंबरला काय माहीत? त्यानं परत बटण दाबलं. नऊ चाळीस. परत दाबलं. नऊ चाळीस.

मामानं विचारलं, "झालं का?"

"नाही झालं, मामा. अजून नऊ चाळीसच आहेत."

मामानं मनगटावरचं घड्याळ बघितलं. "अरे, साडेअकरा वाजले!"

"तुमच्याकडं वाजले. फाइलीत नाही वाजले."

मामा उठून पडद्याजवळ आला. "हे बघ, नवनाथ लिहिलंय. स्वच्छ दिसतंय. छाप आता."

"दिसतंय खरं," झुंबर म्हणाला. "पण झालेलं नाही."

"माझ्या डोळ्यांना दिसतंय ना!"

"डोळ्यांचं दाजींनी काही सांगितलं नाही. वेळेचं सांगितलंय."

मामा बाहेर जाऊन चहा पिऊन आला. नऊ चाळीस. मामा जेवून आला. नऊ चाळीस. मामा बाकड्यावर बसला, मग टेकला, मग आडवा झाला आणि घोरायला लागला. झुंबर बटण दाबत होता. बोट दुखायला लागलं तेव्हा त्यानं बोट बदललं.

दिवे लागायच्या सुमारास दाजी परत आले. मशीन थंड. मामा बाकड्यावर तोंड उघडं टाकून झोपलेला. झुंबर घामाघूम.

"काय रे हे?"

"दाजी, वेळ काही बदलेना. पण मी पण हललो नाही."

दाजींनी कपाळाला हात लावला. "अरे माझ्या बाबा! या सॉफ्टवेअरात वेळ जुनीच दिसते. नाव तेच राहतं, वेळ तीच राहते, पण आतलं नवं झालेलं असतं. वेळेवर जाऊ नकोस. उघडून आत बघायचं. कळलं?"

"कळलं. नाव तेच, वेळ तीच, आतलं नवं. वेळेवर जायचं नाही. उघडून आत बघायचं."

झुंबरनं हे मनात पक्कं बसवलं. मामा डोळे चोळत उठला आणि दाजींना म्हणाला, "लग्नाला मी येईन. पण हा माणूस माझ्यासमोर येऊ देऊ नका."

दुसऱ्या दिवशी दाजींची आत्या लग्नासाठी येणार होती. अहिल्याआत्या. अंगानं बारीक, आवाजानं मोठी, पुढचा एक दात पडलेला. दाजींनी झुंबरला एसटी स्टँडवर पाठवलं. "अकराच्या गाडीनं येतायत. घेऊन ये."

झुंबर निघाला. स्टँडच्या कोपऱ्यावर पोचला तर समोरून अकराची एसटी आत शिरताना दिसली. झुंबर जागीच थांबला. दाजींनी कालच बजावलं होतं, वेळेवर जाऊ नकोस. मग तो रसवंतीच्या सावलीत बसला. आत्या गाडीतून उतरलेली त्याला दिसली. आत्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. गाठोडं डोक्यावर घेतलं, परत खाली ठेवलं. उन्हानं तिचा जीव कासावीस झाला. झुंबरला वाईट वाटलं. पण तो उठला नाही. चांगला उशीर झाला, तेव्हा तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"झुंबर, होतास कुठं रे?"

"कोपऱ्यावर होतो, आत्या."

"कोपऱ्यावर? मी इथं वाळून चाललेय!"

"वेळेवर यायचं नव्हतं," झुंबर म्हणाला आणि खाली बसून आत्याचं गाठोडं सोडायला लागला.

"अरे, हे काय करतोस?"

"वरून तुम्ही आत्याच दिसता. पण वरचं खरं नसतं. उघडून आत बघावं लागतं."

गाठोडं सुटलं. दोन लुगडी निघाली. शेवंतासाठी आणलेले लाडू निघाले. आणि लुगड्याच्या घडीतून मिश्रीचा डबा टणकन खाली पडला. आत्यानं मिश्री सोडली, असं गेली दोन वर्षं सगळ्या भावकीत सांगितलं जात होतं. स्टँडवरच्या बाया हसायला लागल्या. झुंबरला शिव्या घालायला आत्यानं मोठ्ठं तोंड उघडलं.

झुंबर लगेच पुढं झाला आणि वाकून तिच्या तोंडात बघितलं.

"पुढचा दात नाही," तो खुशीत म्हणाला. "तुम्ही आत्याच. चला घरी."

घरी आल्यावर आत्यानं अख्खी आळी गोळा केली. मग झुंबरला समोर उभं करून म्हणाली, "मेल्या, माणसाला कधी कोणी उघडून बघतं का? माणसाला नाव विचारायचं. नाव जुळलं की हाताला धरायचं आणि गुमान घेऊन यायचं!"

"नाव विचारायचं," झुंबर म्हणाला. "जुळलं की हाताला धरायचं. गुमान आणायचं."

तेही त्यानं मनात पक्कं बसवलं.

मग घोड्याची पाळी आली. नवरदेवासाठी पलीकडच्या वाडीतला पांढरा घोडा ठरवला होता. घोड्याचं नाव बादशहा. दाजींनी सांगितलं, "जा, बादशहाला घेऊन ये. लग्नाआधी शेवंताच्या हातानं त्याला हरभरे खाऊ घालू."

झुंबर घोडेवाल्याच्या दारात गेला. घोडेवाला घरात नव्हता. खुंट्याला पांढरा घोडा बांधलेला होता. झुंबर त्याच्यासमोर उभा राहिला. "तुझं नाव काय?"

घोड्यानं शेपटी हलवली.

"नाव काय म्हणतोय मी."

घोडा फुरफुरला.

"फुरफुर नको आहे मला," झुंबर म्हणाला. "बादशहा पाहिजे." आणि तो माघारी फिरला.

वाटेत अत्तराच्या दुकानासमोर एक पोक्त गृहस्थ खुर्ची टाकून चहा पीत होते. झुंबरनं त्यांनाही विचारलं. विचारायला काय जातं?

"चाचा, तुमचं नाव काय?"

"बादशहा. बादशहा अत्तार. का रे?"

झुंबरनं त्यांचा हात घट्ट धरला. "चला. दाजींनी बोलावलंय."

लग्नघरचं बोलावणं म्हणून चाचा बिचारे टोपी सारखी करून निघाले. दारात शेवंता ओटीत भिजवलेले हरभरे घेऊन उभी होती. झुंबर म्हणाला, "शेवंता, बादशहा आणलाय. खाऊ घाल."

चाचांना वाटलं, इथली पाहुणचाराची पद्धत असेल. त्यांनी चार दाणे तोंडात टाकले. "चांगले आहेत, बेटी. पण मीठ हवं होतं."

तेवढ्यात झुंबर घोड्याचा मोत्यांचा हार आणि झूल घेऊन आला. "चाचा, जरा वाका. पाठीवर टाकायची आहे."

दाजी धावत आले. चाचांची माफी मागितली, त्यांना जेवायला बसवलं, लग्नाचं आमंत्रण दिलं. चाचा मोठ्या मनाचे होते. हसत हसत जेवले. ते गेल्यावर दाजी झुंबरकडं वळले.

"झुंबर, नीट ऐक. घोडा आणायचा असला तर पाय मोजायचे. चार भरले पाहिजेत. माणूस आणायचा असला तर नाव विचारायचं. घोड्याला चार पाय, माणसाला नाव. कळलं?"

"कळलं, दाजी. घोड्याला चार पाय, माणसाला नाव."

त्या दिवशी दुकानात दुरुस्तीआधी कागदावर काढलेला 'नवनाग'चा जुना नमुना टेबलावर पडलेला दाजींना दिसला. मामानं हा बघितला असता तर? ते म्हणाले, "हा अजून कशाला ठेवलास? नवं आलं की जुनं ठेवायचं नाही. उचलायचं आणि टाकून द्यायचं. दोन्ही राहिलं की घोटाळा होतो."

झुंबरनं नमुना फाडून टाकला. हे काम त्यानं इतकं चोख केलं की दाजींनी त्याची पाठ थोपटली. पाठ थोपटल्यावर झुंबरला हुरूप आला.

तो दाजींच्या घरी गेला. घरात रुखवताचं सामान नुकतंच आलं होतं. नवा मिक्सर, नव्या चादरी, नवी पातेली. झुंबरनं ते सगळं बघितलं. मग घरातला जुना मिक्सर, जुन्या चादरी आणि जुनी पातेली गोळा केली आणि दारावर आलेल्या भंगारवाल्याच्या गाडीवर चढवली. दाजींच्या नव्या चपला कोपऱ्यात दिसल्या, म्हणून जुन्याही दिल्या.

कौसल्या वाटणाचं खोबरं घेऊन स्वयंपाकघरात आली तर मिक्सर गायब. "झुंबर, मिक्सर कुठंय?"

"नवा आला ना, ताई. जुना टाकून दिला."

"अरे, नवा शेवंताबरोबर सासरी जायचाय! जेवायला माणसं बसतील उद्या, वाटण कशावर करू मी?"

कौसल्या पदर खोचून गाडीमागं धावली. दाजी अनवाणी धावले. वेशीजवळ भंगारवाला सापडला. विनवण्या करून सामान परत आणलं. दमलेली कौसल्या पायरीवर बसली आणि भावाला म्हणाली, "असं करत नाहीत रे, राजा. जुनं टाकून द्यायचं नसतं. खोलीत ठेवावं, कुलूप लावावं. नवं बिघडलं तर जुनंच उपयोगाला येतं."

झुंबरला भरून आलं. ताईला आपण किती पळवलं! तिचा शब्द त्यानं काळजात कोरून ठेवला. जुनं टाकायचं नाही. खोलीत ठेवायचं. कुलूप लावायचं.

लग्नाचा दिवस उजाडला. मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा. घोडा आला. झुंबरनं पाय मोजले. चार भरले. सगळ्यांना हायसं वाटलं.

त्या दिवशी लग्नाची तिथी इतकी चांगली होती की माळेवाडीतच दुसऱ्या टोकाला आणखी एक लग्न होतं. दोन्ही नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला गेले. दोन्हीकडची माणसं देवळासमोर एकत्र झाली आणि एकमेकांना हटत नाही म्हणून नाचायला लागली. दोन बँड, दोन्ही जोरात. भानुदासमामा तर शेला कमरेला बांधून मधोमध नाचत होता.

इकडं मांडवात भटजी घाई करायला लागले. दाजींना हजार कामं. समोर मोकळा दिसला तो झुंबर. दाजी म्हणाले, "पळ, जीप घेऊन जा. मारुतीच्या देवळातून नवरदेवाला घेऊन ये. वऱ्हाड येईल मागनं. मुहूर्त टळता कामा नये."

"माणूस आणायचाय ना?" झुंबरनं विचारलं.

"हो रे बाबा, माणूस!"

झुंबर देवळात गेला. ओट्यावर एक नवरदेव बसला होता. फेटा, मुंडावळ्या, हातात कट्यार. झुंबर त्याच्यासमोर उभा राहिला.

"नाव काय?"

"नवनाथ."

नाव जुळलं.

"मुहूर्त कितीचा?"

"बारा पस्तीस. तुम्ही मुलीकडचे ना? केव्हाचा वाट बघतोय मी. ही माणसं नाचायची थांबेनात."

"मुलीकडचाच," झुंबर म्हणाला. ते खरंच होतं.

झुंबरनं त्याच्याकडं निरखून बघितलं. कमानीवरच्या फोटोतल्या नवनाथला मिशी होती. याला नव्हती. तो उंच होता, हा ठेंगणा होता. झुंबर क्षणभर घोटाळला. मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नाव तेच, वेळ तीच, आतलं नवं! पोराकडच्यांनी दुरुस्ती केली होती तर.

त्यानं नव्या नवरदेवाला हाताला धरून जीपमध्ये बसवलं. निघणार तेवढ्यात त्याला देवळामागची भांड्यांची खोली उघडी दिसली. आत एक उंच नवरदेव एकटाच बसला होता. मिशीवाला. नवी मोजडी लागली म्हणून पायाला तेल चोळत होता.

"काय झुंबरदादा, न्यायला आलात?" तो म्हणाला.

"तुम्ही आहात होय अजून," झुंबर म्हणाला. त्याला मायाच आली. "बसा. बसून राहा." त्यानं दार ओढलं, कडी घातली आणि कडीला लटकत असलेलं कुलूप दाबून लावलं. आतून हाका यायला लागल्या. दारावर थापा पडल्या. पण बाहेर दोन बँड वाजत होते.

जीप मांडवात आली. "आला, आला!" एकच गडबड उडाली. भटजींनी नवरदेवाला पाटावर उभं केलं. मुंडावळ्यांमागचा चेहरा कोण बघतो? पाठीशी उभा राहायला नवरदेवाचा मामा लागतो, पण मामा नाचत होता, म्हणून भलत्याच कुणाला तरी उभं केलं. अंतरपाट धरला. त्या नवरदेवानं हा मांडव आधी कधी बघितलेला नव्हता, त्यामुळं त्यालाही काही वावगं वाटलं नाही. पलीकडं शेवंता हार घेऊन उभी होती. मान खाली, गाल लाल.

त्या दिवशी शेवंताचं लग्न लागलं, आणि तिला हव्या त्याच नवनाथशी लागलं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला घोर नको. फक्त ते संध्याकाळी गोरज मुहूर्तावर लागलं. दुपारी जे झालं ते असं.

मंगलाष्टका संपत आल्या. "शुभमंगल सावधान!" अक्षता उडाल्या. अंतरपाट खाली आला. शेवंतानं लाजत लाजत मान वर केली.

"अगं बाई! हा कोण?"

"ही कोण?" नवरदेव म्हणाला.

शेवंतानं हार पाठीमागं लपवला. बँड थांबला. भटजींच्या हातून पंचांग पडलं. दाजींना घेरी आली, त्यांना दोघांनी धरलं. आणि नेमका त्याच वेळी भानुदासमामा घामानं निथळत, शेला सोडत मांडवात शिरला.

"आमचा नवनाथ दिसेना देवळात. इथं आलाय का?"

पाटावरचा ठेंगणा नवरदेव म्हणाला, "मी नवनाथच आहे. पण तुम्ही कोण?"

दाजी सावरून झुंबरकडं वळले. "झुंबर... अरे, हा दुसराच माणूस आहे, हे तुला दिसलं नाही?"

"दिसलं की, दाजी. पण नाव तेच, वेळ तीच. म्हटलं, आतलं नवं करून पाठवलंय."

मामाच्या कपाळावरची शीर उडायला लागली. तो एकेक पाऊल टाकत झुंबरसमोर आला. "आणि आमचा? आमचा नवनाथ कुठंय?"

झुंबरनं सगळ्या मांडवाकडं बघितलं. शेवंता रडवेली झाली होती. ताईचा जीव टांगणीला लागला होता. सगळ्यांना एवढी काळजी कशाची वाटतेय, ते त्याच्या ध्यानात आलं. त्यानं मामाच्या खांद्यावर प्रेमानं हात ठेवला.

"घाबरू नका, मामा. जुना झाला म्हणून मी काही भंगारात दिला नाही त्याला. देवळामागच्या खोलीत ठेवलाय, वरून कुलूप लावलंय. हा आधी चार-सहा महिने वापरून बघा. बिघडला, तर तो काढू."